घरच्या घरी दुखण्यावरचं मलम: पहिली डबी नीट जमावी म्हणून

मान अवघडते, पोटऱ्या भरून येतात, वाकडंतिकडं होऊन काही उचललं की कंबरेत उसण भरते. अशा दुखण्यांसाठी घरी मलम करायचं म्हटलं तर कृती फार मोठी नाही. वनस्पती तेलात मुरवायची, तेल गाळायचं, त्यात मेण वितळवायचं आणि डबीत ओतायचं. तरीही नवीन माणसाच्या पहिल्या डब्या बिघडतात. कुणाच्या मलमावर महिन्याभरात बुरशी धरते, कुणाच्या डबीला आंबूस वास येतो. अशा बिघाडांच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट असते: पाणी. पुरती न वाळलेली पानं, आतून ओलसर राहिलेली बरणी, झाकणावरून पडलेला वाफेचा थेंब.

निव्वळ तेल आणि मेण यांत जंतू वाढत नाहीत, कारण त्यांना लागणारं पाणीच तिथं नसतं. म्हणून अशा मलमाला प्रिझर्व्हेटिव्ह घालावं लागत नाही. क्रीममध्ये पाणी असतं, तिथं ते लागतंच. आपल्या मलमात चमचाभर ओल शिरली की ते दोन्हींच्या मधे लटकतं: पाणी आहे आणि राखण करणारं काही नाही. म्हणून पुढं जवळजवळ प्रत्येक पायरीवर ओलीचा विषय येईल. तेवढा भाग घाईनं वाचू नका.

मलमाकडून काय मागावं

दुखऱ्या जागी आपला हात आपसूक जातो आणि आपण चोळत बसतो. ही नुसती सवय नाही. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलेल्या ‘गेट कंट्रोल’ सिद्धांतानुसार स्पर्शाच्या आणि दाबाच्या संवेदना मज्जारज्जूतच वेदनेच्या संदेशाची वाट अडवतात. तेव्हा मलमाचा बराचसा गुण चोळणाऱ्या हाताचा असतो, हे आधीच मान्य करून टाकावं. मलमामुळं हात त्वचेवरून घसरतो, ओढला जात नाही आणि पाच-दहा मिनिटं सहज चोळता येतं.

उरलेलं काम द्रव्यांचं. मिरचीतलं कॅप्सेसिन मज्जातंतूवरच्या ज्या रिसेप्टरला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या ग्राहीला, चेतवतं, तो डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ साली शोधून काढला. साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वरची उष्णता लागली तरी हाच रिसेप्टर जागा होतो, म्हणून मिरचीचं तेल लागलं की मेंदूला ‘भाजलं’ असाच निरोप जातो. मेंथॉल थंडीच्या रिसेप्टरला जागं करतं, म्हणून पुदिन्याचं मलम गार लागतं. स्पर्शाच्या आणि तापमानाच्या या शोधांसाठी ज्युलियस आणि अर्डेम पटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. उष्ण किंवा थंड अशी जोरदार संवेदना आत गेली की मूळ ठणका काही काळ मागं पडतो. दुखण्याचं कारण मात्र तिथंच असतं. झिजलेलं सांध्याचं कूर्च मलमानं भरून येत नाही आणि तसं कुणी सांगत असेल तर त्याच्या बाकीच्या सल्ल्याकडेही सावधपणे पाहा.

अर्निका आणि कॉम्फ्रे या परदेशी औषधी वनस्पतींवर चांगले अभ्यास झाले आहेत, पण ते कारखान्यात ठरावीक तीव्रतेचे अर्क काढून बनवलेल्या जेल आणि क्रीमवर. घरच्या तेलात किती अर्क उतरला हे आपल्याला मोजता येत नाही. हळदीचंही असंच. ती दुखण्यावर लावायला सगळ्यांना हवी असते, पण तिच्यातलं करक्युमिन त्वचेतून फारसं आत जात नाही आणि कपड्यांवर, चादरींवर डाग मात्र पक्के बसतात. मी दुखण्याच्या मलमात हळद घालत नाही.

वनस्पती निवडताना

पहिल्या डबीसाठी एकच वनस्पती घ्या. सात-आठ जिनसा एकत्र केल्या आणि अंगावर पुरळ उठलं तर कशानं उठलं ते कळणार नाही. गुण आला तरी कशानं आला ते कळणार नाही.

माझी पहिली पसंती निर्गुडीला आहे. सांधे आणि स्नायूंच्या दुखण्यावर लावायला ती जुन्या काळापासून वापरात आहे, तिचा पाला तेलात चांगला उतरतो आणि बहुतेकांच्या त्वचेला ती सोसते. ऊब हवी असेल तर सुंठ. आलं वाळताना त्यातल्या जिंजेरॉलचं काही प्रमाणात शोगाओल होतं आणि ते जास्त तिखट असतं, म्हणून मलमासाठी ओल्या आल्यापेक्षा सुंठ सरस. शिवाय तिच्यात पाणी नाही. रोझमेरीचा वाळलेला पालाही चांगला चालतो.

लाल मिरचीचं मलम प्रभावी असतं, पण ते पहिल्याच खेपेला करू नका. कराल तेव्हा पाव लिटर तेलाला ५ ग्रॅम मिरची पूड एवढ्यावरच थांबा, हातमोजे घाला, नाकावर कापड बांधा. औषधी कॅप्सेसिन क्रीममध्ये ते साधारण ०.०२५ ते ०.१ टक्का इतकंच असतं, आणि मिरचीच्या जातीजातीत तिखटपणा पाचपट-दहापट बदलतो. त्याचा उपयोगही एकदा लावून होत नाही, काही दिवस रोज नेमानं लावावं लागतं. दुपारी लावलं आणि रात्री गरम पाण्यानं आंघोळ केली तर आग पुन्हा उसळते, हेही ध्यानात ठेवा.

अर्निका फक्त धड त्वचेवर लावायची, जखमेवर किंवा खरचटलेल्या जागी कधीच नाही. तोंडात तर जाताच कामा नये. कॉम्फ्रेत यकृताला घातक असे अल्कलॉइड असतात, म्हणून तेही धड त्वचेवर आणि थोडेच दिवस. शेवंती किंवा सूर्यफुलाच्या कुळाची ॲलर्जी असणाऱ्यांनी अर्निका आणि कॅलेंडुला दोन्ही टाळावीत. आणि कॅलेंडुला म्हणजे झेंडू नव्हे. दोघांच्या फुलांत साम्य दिसलं तरी वनस्पती वेगळ्या आहेत, एकाच्या जागी दुसरं घालू नका. रानातून काही आणणार असाल तर ओळखीची शंभर टक्के खात्री असल्याशिवाय आणू नका.

वाळवण

माझी पहिली बरणी इथंच वाया गेली होती. निर्गुडीचा पाला दोन दिवस सावलीत पसरला, हाताला कुरकुरीत लागला, म्हणून तेलात घातला. दहाव्या दिवशी बरणीच्या कडेला बारीक बुडबुडे दिसले, आणखी तीन दिवसांनी तेलाच्या वर आलेल्या पानांवर करडी लव उगवली. पातं वाळलं होतं, पण देठात आणि मधल्या शिरेत ओल होती. तेव्हापासून मी पान बघत नाही, देठ बघतो. देठ वाकवला की कट्कन मोडला पाहिजे. नुसता लवला तर अजून एक-दोन दिवस.

पाला सावलीत, वारं खेळेल अशा जागी, कापडावर एकाच थरात पसरावा. उन्हात रंग आणि वास दोन्ही उडतात. दमट हवेत देठ मोडेपर्यंत आठवडा लागू शकतो. वाळल्यावर लगेच हातानं चुरून जाडसर भरड करा. फार बारीक पूड केली तर गाळताना जीव नकोसा होतो आणि गाळ खाली बसत राहतो.

तेल कोणतं

तिळाचं तेल. त्यात नैसर्गिक अँटिऑक्सिडंट असल्यामुळं ते लवकर खवट होत नाही आणि त्वचेला सोसतं. ऑलिव्ह तेलही उत्तम. खोबरेल घ्यायला हरकत नाही, पण ते साधारण २४-२५ अंशांना वितळतं, त्यामुळं मलम थंडीत दगड आणि उन्हाळ्यात पातळ होतं. एरंडेल फार चिकट असतं, घालायचंच तर एकूण तेलाच्या दहाव्या हिश्शापुरतं. मोहरीचं तेल काहींच्या त्वचेला चांगलंच झोंबतं, म्हणून नवख्यानं ते बाजूला ठेवावं. तेल कोणतंही असो, ताजं असावं. तळणातून उरलेलं किंवा बाटलीत तळाला राहिलेलं जुनं तेल मलमाला वापरू नका. खवटपणा सुरू झालेलं तेल मुरवल्यानं सुधारत नाही.

तेल मुरवण्याच्या तीन तऱ्हा

प्रमाण सोपं आहे: १ भाग वाळलेली वनस्पती, ५ भाग तेल. पहिल्या खेपेला ५० ग्रॅम भरड आणि २५० मिली तेल घ्या. पाला फुगीर असेल आणि तेलात बुडत नसेल तर तेल थोडं वाढवा. काहीही तेलाच्या वर राहता कामा नये.

पहिली तऱ्हा थंड मुरवणीची. कोरड्या बरणीत भरड घालून वर तेल ओतायचं, स्वच्छ कोरड्या काडीनं ढवळून हवेचे बुडबुडे काढायचे आणि बरणी चार ते सहा आठवडे ऊबदार पण थेट ऊन न लागणाऱ्या जागी ठेवायची. रोज एकदा हलवायची. कष्ट कमी, धीर जास्त.

दुसरी, नवख्यांसाठी मला सगळ्यात बरी वाटते ती, पाण्यावर ऊब देण्याची. जाड बुडाच्या पातेल्यात तळाला कापडाची घडी ठेवा, त्यावर बरणी किंवा लहान भांडं ठेवा, बाहेर अर्ध्यापर्यंत पाणी घाला. आच अगदी मंद. बाहेरचं पाणी उकळता कामा नये. तेलाचं तापमान ५० ते ६० अंशांच्या दरम्यान राहिलं की पुरे, म्हणजे बरणीला बाहेरून बोट लावलं तर चटका बसेल, पण तेलातून बुडबुडे किंवा तळल्यासारखा वास येणार नाही. असं चार-पाच तास ठेवा, अधूनमधून ढवळा, बाहेरचं पाणी आटलं तर भर घाला.

या पद्धतीतली एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून जरा विस्तारानं सांगतो. बरणीला झाकण लावू नका. पाल्यात राहिलेली थोडी ओल वाफ होऊन वर जाते, झाकणाच्या आतल्या बाजूला तिचे थेंब होतात आणि तेच थेंब परत तेलात पडतात. झाकणाऐवजी तोंडावर सुती कापडाची एक पट्टी बांधा. आतली वाफ निघून जाते. बाहेरच्या पाण्याची वाफ आत येऊ नये म्हणून बरणीचं तोंड पातेल्याच्या काठाच्या बरंच वर असू द्या. कापड ओलसर झालं की बदला. तासाभरानं कापड चाचपून पाहा, पाल्यात किती ओल होती ते हाताला कळतं.

तिसरी तऱ्हा ताज्या पाल्यासाठी, आणि ती आयुर्वेदातल्या तेल सिद्ध करण्याच्या पद्धतीची. तिथलं ढोबळ प्रमाण असं: १ भाग वनस्पतीचा वाटलेला कल्क, ४ भाग तेल, १६ भाग काढा किंवा इतर द्रव. तिन्ही एकत्र करून मंद आचेवर पाणी पूर्ण आटेपर्यंत ढवळत राहायचं. पाणी मुद्दाम घालून मग पूर्ण घालवणं, असा हा प्रकार आहे, त्यामुळं ते गेलं की नाही हे ओळखण्याच्या खुणा फार नेमक्या ठरवलेल्या आहेत. तळातला कल्क काढून बोटांत फिरवला तर त्याची वात वळली पाहिजे. तीच वात ज्योतीवर धरली तर चरचर आवाज होता कामा नये, कारण चरचर म्हणजे पाणी. आणि तेलावर फेस येऊ लागला पाहिजे. (तूप सिद्ध करताना उलट असतं, तिथं फेस बसतो.) सुरुवातीला कल्क चिकट असतो, मग मऊ, मग वात वळण्याजोगा, आणि त्यानंतर पाच-दहा मिनिटांतच करपतो. शेवटच्या अर्ध्या तासात भांड्यापासून हलायचं नाही. ही रीत शिकावीच, पण दोन-तीन साध्या डब्या जमल्यावर.

गाळणं आणि निवळू देणं

तेल कोमट असतानाच गाळा. चाळणीवर दुहेरी मलमलीचं कापड घाला, पाला त्यात ओता, आधी आपोआप गळू द्या आणि मग पुरचुंडी करून पिळा. पिळून निघालेलं तेल वेगळ्या वाटीत घ्या. त्यात गाळही जास्त येतो आणि राहिलेली ओलही.

आता घाई करू नका. दोन्ही तेलं उंच, अरुंद काचेच्या भांड्यांत रात्रभर स्थिर ठेवा. सकाळी प्रकाशासमोर धरा. तळाला काळसर गाळाचा थर दिसेल. त्याच्याही खाली किंवा त्याच्यातच तेलापेक्षा वेगळे चमकणारे गोल थेंब दिसले तर ते पाणी. वरचं निवळ तेल हळूच दुसऱ्या कोरड्या भांड्यात ओता आणि तळाचा बोटभर भाग सोडून द्या. हे बोटभर तेल जिवावर येतं, पण ते ठेवाल तर त्याच्यापायी सगळी डबी जाऊ शकते. २५० मिली तेलातून साधारण २०० मिली निवळ तेल हाती लागतं. बाकीचं पाला पिऊन टाकतो.

मेण

मधमाशांचं शुद्ध मेण घ्या. त्याला मधाचा मंद वास असतो आणि ते ६२ ते ६५ अंशांना वितळतं. मेणबत्तीचं पॅराफिन इथं नको.

आयुर्वेदातल्या सिक्थतैलात १ भाग मेणाला ५ ते ६ भाग तेल असतं आणि आजही तेवढंच प्रमाण चांगलं जमतं. सगळं वजनावर मोजा. २०० मिली तेलाचं वजन साधारण १८५ ग्रॅम भरतं, त्याला ३५ ग्रॅम मेण. हवा गरम असेल किंवा डबी खिशात-पिशवीत फिरणार असेल तर ४२-४५ ग्रॅमपर्यंत जा. मऊ, लोण्यासारखं हवं असेल तर २५ ग्रॅम.

मेण किसून घ्या, लवकर विरघळतं. तेलाचं भांडं पुन्हा पाण्यावर ठेवा, तेल ७० अंशांच्या आसपास आलं की मेण घाला आणि काडीनं ढवळा. थेट आचेवर मेण कधीही वितळवू नका. मेणाला उकळी फुटत नाही, ते शांत दिसत असतानाच तापत जातं आणि फार तापलं की पेट घेतं. चुकून पेटलंच तर पाणी टाकू नका, आच बंद करून झाकण दाबा.

घट्टपणा तपासण्यासाठी एक स्टीलचा चमचा आधीच फ्रीझरमध्ये ठेवून द्या. त्यावर चार थेंब टाका, दोन मिनिटं थांबा आणि बोटानं दाबा. बोटाच्या उबेनं थर नरम पडून घसरला पाहिजे. खडूसारखा तडकला तर थोडं तेल घाला, ओघळला तर चिमूट-दोन चिमूट मेण. हवं तर या टप्प्यावर २ ग्रॅम ई जीवनसत्त्वाचं तेल घालता येतं. त्यानं तेल खवट होण्याचा वेग कमी होतो. बुरशी किंवा जंतू मात्र त्यानं अडत नाहीत, त्यामुळं ओलीवरचा उपाय म्हणून ते घालू नका.

कापूर, पुदिन्याचं फूल आणि बाकीची सुगंधी द्रव्यं

वरच्या २२० ग्रॅम मलमासाठी मी ४ ग्रॅम पुदिन्याचं फूल, म्हणजे मेंथॉलचे स्फटिक, ४ ग्रॅम कापूर आणि २ ग्रॅम निलगिरीचं तेल घेतो. कापूर औषधी दर्जाचा असावा. जाळण्यासाठी विकल्या जाणाऱ्या वड्यांत काय मिसळलं आहे याचा भरवसा नसतो.

कापूर आणि पुदिन्याचं फूल एका लहान कोरड्या बाटलीत घाला, झाकण लावा आणि हलवा. दोन्ही कोरडे, पांढरे, खडखडणारे. काही मिनिटांत खडे कडेनं ओले दिसू लागतात, एकमेकांना चिकटतात, आणि बघता बघता बाटलीत पाण्यासारखा स्वच्छ द्रव उरतो. उष्णता द्यावी लागत नाही. कापूर एकटा १७५ अंशांच्या वर वितळतो, मेंथॉल ४२ च्या आसपास, पण दोघं एकत्र आले की वितळण्याचा बिंदू खोलीच्या तापमानाच्याही खाली उतरतो. मी ही बाटली अजूनही दर वेळी उजेडात धरून बघतो. व्यावहारिक फायदा असा की द्रव झाल्यामुळं दोन्ही मलमात सारखे मिसळतात, खडा राहत नाही.

हे सगळं शेवटी घालायचं. भांडं आचेवरून उतरवा आणि तेल ५५-६० अंशांवर येऊ द्या, म्हणजे कडेला पांढुरकी साय धरायच्या जरा आधी. फार गरम असताना घातलं तर निम्मा सुगंध हवेत जातो आणि डोळ्यांत जळजळ होते. भांड्यावर वाकून वास घेऊ नका.

‘थोडं जास्त घातलं तर जास्त गुण’ हा विचार इथं धोक्याचा आहे. मेंथॉल ३ टक्क्यांच्या आणि मिथाइल सॅलिसिलेट (गंधपुऱ्याच्या तेलातलं मुख्य द्रव्य) १० टक्क्यांच्या वर असलेल्या दुखण्यावरच्या मलमांनी त्वचा भाजल्याच्या घटना घडल्यानंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१२ साली लोकांना सावध केलं होतं. कापरासाठी तिथं ११ टक्क्यांची मर्यादा आहे. वरचं प्रमाण यांच्या पुष्कळ खाली आहे, ते तसंच राहू द्या.

गंधपुऱ्याचं (विंटरग्रीनचं) तेल अनेकांना आवडतं, मी घरी ठेवत नाही. ते जवळपास निव्वळ मिथाइल सॅलिसिलेट असतं आणि एका छोट्या चमच्यात, ५ मिलीत, ॲस्पिरिनच्या वीसहून अधिक गोळ्यांइतकं सॅलिसिलेट भरतं. लहान मुलानं चाखलं तर जिवावर बेतू शकतं. रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी आणि ॲस्पिरिनची ॲलर्जी असणाऱ्यांनी ते अंगालाही लावू नये.

डबीत भरताना

डब्या आधी धुऊन, उन्हात किंवा गरम ओव्हनमध्ये पूर्ण सुकवलेल्या असाव्यात. पुसायच्या कापडावर विसंबू नका. मलम ओता आणि डबी हलवू नका. झाकणाची घाई इथंही नडते: गरम मलमावर झाकण लावलं की हवेतली वाफ आत अडकून झाकणाला दव धरतं. वर कोरडं कापड टाका, तळ पूर्ण गार लागला की मगच झाकण. मधे थोडा खड्डा पडला किंवा कडेनं चीर गेली तर काही बिघडलेलं नाही, वरचा भाग आधी गार झाला एवढंच. रवाळ झालं असेल तर पुन्हा वितळवून भराभर गार करा.

भांडी गरम असतानाच कागदानं पुसून काढा आणि कागद कचऱ्यात टाका. मेणाचं पाणी मोरीत सोडलं तर ते पाइपात जाऊन घट्ट होतं.

डबीवर वनस्पतीचं नाव, तेल, सुगंधी द्रव्यांचं प्रमाण, तारीख आणि ‘फक्त बाहेरून लावण्यासाठी’ एवढं लिहा. सहा महिन्यांनी सगळ्या डब्या सारख्याच दिसतात.

लावण्याआधी आणि लावताना

हाताच्या आतल्या बाजूला, कोपराखाली, मुगाएवढं लावा आणि २४ तास थांबा. लाली, खाज, पुरळ काहीही आलं तर ते मलम तुमच्यासाठी नाही, सोसण्याजोगं वाटलं तरी.

मग हरभऱ्याएवढं मलम तळव्यावर चोळून नरम करा आणि दुखऱ्या जागेवर गोलाकार, हलक्या दाबानं पाच-दहा मिनिटं जिरवा. दिवसातून दोन-तीनदा पुरे. वर गरम पिशवी ठेवू नका, घट्ट पट्टी बांधू नका. उष्णतेनं आणि झाकलेपणानं द्रव्यं त्वचेत कितीतरी जास्त शिरतात आणि भाजण्याचे प्रकार होतात. जखम, खरचटलेली जागा, भाजलेली त्वचा, इसब, डोळ्यांच्या आणि नाकाच्या आसपास, या सगळ्या जागा वर्ज्य. लावून झाल्यावर साबणानं हात धुवा. मिरचीचं मलम असेल तर आधी साधं तेल हाताला चोळून पुसा आणि मग साबण, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही.

कापूर-मेंथॉलचं मलम लहान मुलांना लावू नका. कापूर पोटात गेला तर मुलांना फिट येऊ शकते, आणि तान्ह्या बाळाच्या नाकातोंडाजवळ मेंथॉल गेलं तर श्वास अडकू शकतो. डबी त्यांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. गरोदरपणात, स्तनपान चालू असताना किंवा फिट येण्याचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. अशांसाठी सुगंधी द्रव्य न घालता नुसत्या तेल-मेणाची वेगळी डबी करून ठेवता येते. चोळण्याचा गुण तिच्यातही आहे.

काही दुखण्यांना मलम लावत बसणं म्हणजे वेळ घालवणं. छातीत दुखून ते हातात किंवा जबड्याकडे जात असेल, पाठदुखीबरोबर पाय बधिर किंवा लुळा पडत असेल, लघवी-शौचावरचा ताबा जात असेल, तर ताबडतोब रुग्णालय गाठा. सांधा लाल, गरम, सुजलेला आणि अंगात ताप असेल, किंवा पडल्यावर त्या पायावर भारच देता येत नसेल, तरीही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. एकाच पायाची पोटरी सुजून, गरम होऊन दुखत असेल तर तिला चोळूसुद्धा नका. शिरेत रक्ताची गाठ असू शकते आणि चोळल्यानं ती सुटून पुढं सरकू शकते. साधं वाटणारं दुखणं आठवडाभरात कमी झालं नाही तरी दाखवून घ्या.

किती दिवस टिकतं

थंड, अंधाऱ्या जागी सहा महिने ते वर्षभर. ओल्या बोटानं काढलेलं मलम मात्र लवकर जातं, म्हणून आंघोळीनंतर हात पूर्ण कोरडे होऊ द्या किंवा लहान कोरडा चमचा डबीबरोबर ठेवा. एक मोठी बरणी भरण्यापेक्षा २०-२५ ग्रॅमच्या आठ-दहा डब्या भरा. एकीत पाणी गेलं तरी बाकीच्या वाचतात.

डबी उघडली की आधी वास घ्या. जुन्या शेंगदाण्यासारखा किंवा पुटीनसारखा वास आला तर तेल खवट झालं. वर ठिपके, लव किंवा ओलसर थेंब दिसले तर बुरशीच्या वाटेवर आहे. वरचा थर खरवडून खालचं वापरू नका, सगळं टाकून द्या. टाकण्याआधी डबीवरची चिठ्ठी काढून वहीत चिकटवा आणि त्याखाली पाला किती दिवस वाळवला, तळाचं तेल सोडलं होतं का, झाकण कधी लावलं, जे आठवेल ते लिहा. पुढची बरणी भरताना ते पान उघडं असू द्या.